कात्रजची रात्र आणि देवावरचा भरवसा



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, खताच्या मात्रा आणि खोडव्याची निगा यांविषयी बोलतो. या वेळी थोडे वेगळे लिहितो आहे. त्याचे कारण असे की परवा एका गटात चर्चासत्र चालू असताना अचानक आभाळ भरून आले. विजा कडकडू लागल्या, समाजमंदिराचे पत्रे वाजू लागले आणि माझे माती परीक्षणावरचे भाषण जिथल्या तिथे थांबले. तेव्हा एका वयस्कर सभासदांनी मला विचारले, "सायेब, असं आभाळ अंगावर आलं की तुम्ही काय करता? आम्ही आपलं देवाचं नाव घ्येतो आन् कांबळं डोक्यावर वढून पडतो."

सगळे हसले. मीही हसलो. पण उत्तर दिले नाही. उत्तर माझ्याजवळ नव्हते असे नाही. ते चार माणसांत, पत्र्याच्या आवाजात सांगण्यासारखे नव्हते, एवढेच. आज ते सांगतो.

उत्तरा नक्षत्रातला तो बुधवार

२५ सप्टेंबर २०१९. वार बुधवार, भाद्रपद वद्य एकादशी. पितृपंधरवडा चालू होता, घटस्थापना चार दिवसांवर आली होती. सूर्य उत्तरा नक्षत्रात होता. उत्तरेचा पाऊस आपल्या शेतकऱ्याला हवाच असतो. त्यावर भात पिकतो, रब्बीची ओल धरते, आडसाली उसाचे एक पाणी वाचते. त्या दिवशीही सकाळी कडक ऊन होते आणि दुपारपर्यंत अंगाची नुसती काहिली झाली होती.

परतीच्या पावसाची तऱ्हा आपल्याला ठाऊक आहे. दिवसभर जमीन तापते, हवेत दमटपणा भरपूर असतो, तो वर चढतो आणि दुपारनंतर काळे ढग कापसाच्या गंजीसारखे एकावर एक रचत जातात. मग हा पाऊस आषाढासारखा संथपणे आठ-आठ दिवस लागत नाही. थोड्याच मुलखावर, दोन-तीन तासांत सगळा हिशोब चुकता करून टाकतो.

मी त्या दिवशी मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये गेलो होतो. आपल्या बेणे मळ्यासाठी मूलभूत बेण्याची मागणी नोंदवायची होती. काम चारला संपले. माझा मुलगा त्या वर्षी कॉलेजला पहिल्या वर्षाला होता आणि सहकारनगरच्या बाजूला, आंबिल ओढ्याच्या काठच्या एका वसाहतीत दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होता. घरून आणलेला डबा आणि चिवडा त्याच्या हाती दिला. खोली तळमजल्यावर होती. मागच्या भिंतीपलीकडे ओढा. ओढा म्हणजे तेव्हा नुसती गटाराची धार वाहत होती.

इथेच माझी चूक सांगून टाकतो. ती खोली जूनमध्ये मीच पसंत केली होती, भाडे कमी म्हणून. गावोगाव फिरून "ओढ्याच्या पोटात ऊस लावू नका, पाणी आपली वाट विसरत नाही" असे सांगणारा मी. पण स्वतःच्या मुलाची खोली पाहताना मी भाड्याचा आकडा पाहिला आणि ओढा पाहिला नाही.

त्याचा निरोप घेऊन मी स्वारगेटला एस.टी. धरणार होतो. पण दक्षिणेकडचे आभाळ पाहिले आणि मन मागे सरले. कात्रजला माझी थोरली बहीण दिलेली आहे. रात्र ताईकडे काढावी आणि पहाटे घर गाठावे, असा विचार करून मी कात्रजची बस पकडली.

डोंगर वाजू लागले

कात्रज आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेले आहे, निदान घाट उतरताना तरी. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मधे खोलगट भाग. या डोंगरांवर पडलेले पाणी कात्रजच्या तळ्यांत येते आणि त्या वाटेने आंबिल ओढा पुढे पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर करीत पर्वतीच्या पायथ्याशी जातो, दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. म्हणजे ताईच्या घरावरून जाणारे पाणी घटका-दोन घटकांत माझ्या मुलाच्या खोलीमागे पोचणार होते. हे मला त्या दिवशी संध्याकाळी सुचले नाही. रात्री सुचले.

दिवेलागणीला पाऊस सुरू झाला. नऊनंतर त्याने जो धरला, तसा पाऊस मी पूर्वी पाहिला नव्हता. थेंब असे दिसतच नव्हते, पाण्याचे पडदेच्या पडदे कोसळत होते. वीज गेली. डोंगर जवळ असल्याने एक गडगडाट विरतो न विरतो तोच त्याचा पडसाद दुसऱ्या बाजूने येई, आणि वरून तिसरी वीज चमके. घराची भांडी मांडणीवर थरथरत होती. ताईच्या घराशेजारून एक छोटा ओहोळ जातो. एरवी पोरे त्यावरून उडी मारतात. साडेनऊच्या सुमाराला तो गल्लीत आला आणि दहाला गल्लीच ओढा झाली.

मी मुलाला फोन लावला. एकदा वाजला, उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजला नाही. नंतर मग तो संपर्काच्या बाहेर. त्याच्या दोन्ही मित्रांचे तेच.

बंधूंनो, मला भीती म्हणजे काय हे त्या क्षणी कळले. पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, हे सगळे आपण ऐकलेले असते. पण माझे तर हात कामातून गेले. दाजींच्या मोटारसायकलची किल्ली खुंटीवरून काढायची, तर ती दोनदा हातातून पडली. एकच विचार डोक्यात होता. इथून पाणी खाली चालले आहे, ते त्याच्याकडे चालले आहे, आणि मला त्याच्या आधी पोचायचे आहे.

मावशींचा सवाल

ताईच्या सासूबाईंना मी मावशी म्हणतो. गळ्यात तुळशीची माळ, वारी कधी चुकवलेली नाही. अक्षरओळख बेताची, पण हरिपाठ तोंडपाठ. त्या दिवशी एकादशी, म्हणून सकाळपासून भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर होत्या. कंदिलाच्या उजेडात भिंतीला टेकून बसलेल्या त्या म्हाताऱ्या बाईने मला हाक मारली.

"कुठं निघालास?"

"पोराकडं जातो, मावशी. फोन लागत नाही."

"रस्ता हाय का जायाला?"

मी गप्प. रस्ता नव्हता. सातारा रस्त्यावरून पाणी वाहत असल्याचे दाजी नुकतेच पाहून आले होते.

"आरं, तू गेलास वाहून, तर सकाळी पोरानं बापाला कुठं हुडकायचं?" मावशी म्हणाल्या. "बस खाली. न्हाय, बसू नको. खालच्या अंगाला बिगारी कामाची माणसं भाड्यानं हाईत. त्यांची लेकरं हाईत चार. ती आधी वर आण."

मी तसाच उभा. मला राग आला होता, हे कबूल करतो. माझा जीव तिकडे टांगलेला आणि ही बाई मला दुसऱ्याची पोरे आणायला सांगते आहे!

मावशींना ते तोंडावर दिसले असावे. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "तुझ्या पोराजवळ आत्ता कोण तरी असंल. त्यानं तुझ्या पोराचा हात धरावा असं वाटतंय न्हवं तुला? मग तू हितल्यांचा धर. देवाजवळ मागायचं ते असं मागावं."

किल्ली मी खुंटीला परत अडकवली.

गोठ्यातला कासरा काढला. एक टोक दाजींनी घराच्या खांबाला बांधून धरले, दुसरे मी कमरेला बांधले आणि गल्लीत उतरलो. पाणी कमरेच्या वर, आणि त्याला असा रेटा की एक पाय उचलला की दुसरा घसरे. खालच्या खोल्यांचे पत्रे सुटून वाजत होते. चार लेकरे, त्यांच्या आया, एक दम्याचा म्हातारा आणि शेवटी एका पोरीने हट्टच धरला म्हणून एक शेळी, एवढे ऐवज आम्ही तीन-चार खेपांत वर आणले. शेजारची दोन तरणी पोरेही मदतीला उतरली. त्या अर्ध्या-पाऊण तासात माझे हात थरथरले नाहीत. कासरा धरायचा होता, पाऊल रोवायचे होते, पोर खांद्यावर घ्यायचे होते. भीतीला तेवढा वेळ माझ्या अंगात जागाच उरली नाही.

नामाला बसलो

बाराच्या सुमाराला ताईच्या माडीवर वीस-बावीस माणसे झाली. ताईने चहा केला, लेकरांना कोरडे कपडे दिले. आता करण्यासारखे काही उरले नाही, असे पाहून मावशींनी मांडी घातली आणि हरिपाठ धरला. टाळ नाही, मृदंग नाही. बाहेर आभाळ फाटलेले आणि आत एका म्हाताऱ्या बाईचा बारीक, पण न तुटणारा आवाज. हळूहळू बायका त्यात मिसळल्या. तो दम्याचा म्हातारा परमुलखातला होता, त्याला आपली भाषाही धड येत नव्हती. तो आपल्या देवाचे नाव आपल्या चालीत पुटपुटत राहिला आणि ते कुणाला खटकले नाही.

मला म्हणता येईना. घसा बंद. मी नुसता बसलो. पण तासाभराने माझ्या ध्यानात आले की छातीतली धडधड त्या आवाजाच्या ठेक्याला लागली आहे. नांगराला जुंपलेला बुजरा खोंड जसा दोन तासांनी जाणत्या बैलाच्या चालीवर येतो, तसे माझे झाले. भीती गेली असे मी म्हणणार नाही. ती तिथेच होती, पण बाजूला बसली होती. छातीवर बसलेली नव्हती.

मधेच मी मावशींना हळूच विचारले, "मावशी, देव राखील ना हो त्याला?"

मला वाटले होते, त्या म्हणतील, "राखील रे बाळा, काळजी करू नको." त्या तसे म्हणाल्या नाहीत. क्षणभर थांबून म्हणाल्या, "ते मला काय ठावं? राख म्हणून सांगितलंय. सांगायचं आपलं काम. पुढं तो जाणं."

हे ऐकून मी आणखी घाबरायला हवा होतो. पण का कोण जाणे, मन शांत झाले. खोटा धीर देणारी माणसे मनातून आपल्यापासून लांब असतात. ही बाई जवळ बसली होती.

सकाळ

उत्तररात्री पाऊस ओसरला. पहाटे मी आणि दाजी पायीच निघालो. सातारा रस्त्यावर गुडघाभर चिखल. गाड्या एकमेकींवर चढलेल्या, भिंती आडव्या, विजेच्या तारा लोंबकळत. अरण्येश्वराच्या बाजूला माणसांची गर्दी दिसली. तिथल्या टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसे गेली होती. आम्ही थांबलो नाही. थांबण्याचे धैर्य नव्हते.

मुलाच्या खोलीचे दार उघडे होते. आत खिडकीच्या वरपर्यंत चिखलाची रेघ. त्याची वह्या-पुस्तके, आदल्या दिवशी दिलेला डबा, सगळे गाळात. माणूस नाही. त्यानंतरच्या अर्ध्या तासाविषयी मी काही लिहीत नाही. ज्यांच्यावर असा प्रसंग आला आहे त्यांना ते सांगावे लागणार नाही.

तो समोरच्या इमारतीच्या गच्चीवर सापडला. पाणी मागच्या दारातून आले तेव्हा तिघे पोरे दाराबाहेर पडली, पण गल्लीत पाय टिकेना. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सज्जातून चादरी गाठी मारून खाली सोडल्या आणि तिघांना वर ओढून घेतले. त्या रात्री त्यांच्या घरात अशी आठ-नऊ माणसे होती. मी त्यांचे पाय धरायला गेलो, तर ते भिजलेली गादी वाळत घालत होते. म्हणाले, "अहो, हाताला आला तो ओढला. त्यात काय एवढं?"

मावशींचे शब्द माझ्या कानात घुमले. त्याच्याजवळ कोणीतरी होते.

"देव तारी" म्हणण्याआधी

गावी आलो. लोक भेटायला आले आणि म्हणाले, "देव तारी त्याला कोण मारी! तुमची पुण्याई." मीही दोन दिवस तेच म्हणत होतो. देवीपुढे नारळ फोडला, पेढे वाटले. पण तिसऱ्या दिवशी ते वाक्य तोंडातून निघेना.

कारण मुलाला घेऊन निघताना त्याच वसाहतीत एका घरापुढे बायका रडत बसलेल्या मी पाहिल्या होत्या. त्या घराच्या चौकटीवर गणपती होता, दारात तुळस होती. त्या घरातही रात्री कोणीतरी देवाला हाक मारलीच असेल. माझ्याइतकीच, कदाचित माझ्याहून जास्त कळवळून. त्या एका रात्रीत पुणे शहर व जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसे गेली. खेड शिवापूरला दर्ग्याच्या आसऱ्याला झोपलेली माणसे वाहून गेली, म्हणजे देवाच्या दारातली. कऱ्हेला पूर आला, काठच्या गावांतली जनावरे दाव्यासकट गेली. आपल्यापैकी काहींचे सोयरे त्या भागात आहेत, त्यांना हे ठाऊक आहे.

मग माझा मुलगा माझ्या पुण्याईने वाचला, असे मी म्हणालो तर त्या माउलीच्या तोंडावर काय सांगू? तिचे पुण्य कमी पडले म्हणू? असे म्हणणारी जीभ देवाला तरी आवडेल का?

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला आता असे वाटते की देवावरचा भरवसा हा पीकविमा नव्हे. हप्ता भरला म्हणून भरपाई मिळालीच पाहिजे, असा तो करार नाही. भरवसा असला की संकटात माणसाचे हात थरथरायचे थांबतात, त्याला शेजारचा दिसतो, आणि जे होईल ते सोसायला तो एकटा राहत नाही. मावशींनी त्या रात्री मला एवढेच दिले. ते पुष्कळ होते.

भार टाकणे आणि ढकलणे

आपल्याकडे "देवावर भार टाकला" असे म्हणतात. आणखी एक म्हण आहे, "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी." या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात आपले काम करून झाल्यावर उरलेला भार माणूस देवाच्या खांद्यावर टाकतो. दुसऱ्यात आपलेच काम त्याच्यावर ढकलतो.

आपल्या संतांचे चरित्र पाहा. इ.स. १६३०च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तुकाराम महाराजांचे त्यात घरदार होरपळले, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. एवढे झाल्यावर त्यांनी काय केले? देहूच्या पडक्या देवळाची दुरुस्ती मनावर घेतली. आणि परंपरा असे सांगते की लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची आपल्या वाटणीची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली. दुष्काळाने पिळलेल्या कुळांचा गळफास आधी सोडवला. नाम पुढे जन्मभर होतेच.

कात्रजचेच उदाहरण घ्या. पर्वतीवर देवदेवेश्वराचे देऊळ १७४९च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी उभारले. त्याच काळात त्यांनीच कात्रजला बांध घालून तळी केली आणि तिथून शहरापर्यंत जमिनीखालून दगड-चुन्याच्या बांधकामाचा नळ नेला. गाळ खाली बसावा म्हणून वाटेत कुंड्या ठेवल्या, हवा खेळावी म्हणून उच्छ्वास ठेवले, आणि वाड्या-पेठांतल्या हौदांना डोंगराचे पाणी दिले. एका हाताने देऊळ, दुसऱ्या हाताने बांध. देवळात पूजा केली म्हणून डोंगराचे पाणी आपोआप शहाणे होईल, अशी त्यांची समजूत नव्हती.

आणि वडीलधाऱ्यांना १२ जुलै १९६१ आठवत असेल. पानशेत फुटले ती तारीख. आदल्या रात्री धरण जाणार असे दिसू लागले तेव्हा आपल्या लष्कराच्या जवानांनी भर पावसात, जीव धोक्यात घालून, वाळूच्या पोत्यांचा बांध रचला. धरण वाचले नाही. पण ते रात्री फुटायचे ते दिवसा फुटले, आणि उजेडात हजारो माणसांना उंचावर जाता आले. त्या जवानांना देव आठवत नसेल का? पण नाम ओठावर आणि पोते खांद्यावर, अशीच ती रात्र त्यांनी काढली असणार.

आपल्या शेतात याचा अर्थ काय?

हा लेख शेतकी खात्याच्या पानावर येतो आहे, तेव्हा शेवटी आपल्या कामाचे चार शब्द सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. देवाचे नाव घेण्याआधी ज्या गोष्टी आपल्या हातच्या आहेत त्या या :

विजेविषयी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. मोजणी तीसच्या आत आली की कामे टाकून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली, विजेच्या खांबाशी, विहिरीच्या कठड्यावर थांबू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाईल ॲप केले आहे. आसपास वीज पडण्याची शक्यता ते सांगते. घरातल्या तरुण मुलाला ते फोनवर घ्यायला लावा.

पाण्याविषयी. फरशीवरून पाणी वाहत असेल तर बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल काहीही घालू नये. "रोजचाच ओढा आहे" असे म्हणणारा माणूसच बुडतो. नदीकाठची मोटर काढायला रात्री एकट्याने जाऊ नये. मोटर दुसरी मिळते.

उसाविषयी. आडसाली ऊस या दिवसांत डोक्याच्या वर गेलेला असतो आणि जमीन भिजली की वादळात लोळतो. मोठी बांधणी वेळेवर करून बुंध्याला भर द्यावी. शेताच्या खालच्या अंगाचे चर पावसाळ्यापूर्वीच मोकळे करावेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा-पंचगंगेच्या पुरात ज्या उसाचे शेंडे पाण्याखाली गेले त्याचे काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ओढ्याचे पात्र चार सऱ्यांसाठी आत घेऊ नये. पाणी ते चार सऱ्या व्याजासह वसूल करते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, तोडणी मजुरांविषयी. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि अवकाळी पाऊस आता कार्तिक-मार्गशीर्षातही येतो. टोळी आली की आपण तिला कोप्या घालायला जागा दाखवतो. ती कोणती? बहुधा जी पिकाच्या उपयोगाची नाही ती, म्हणजे ओढ्याची कड. माझ्या मुलाची खोली मी अशीच निवडली होती, स्वस्त पडते म्हणून. त्या कोप्यांतही लेकरे झोपतात. या हंगामात प्रत्येक सभासदाने टोळीला उंचवट्याची जागा द्यावी, ही माझी हात जोडून विनंती आहे. गटातील चिटबॉय व शेतकी मदतनीस यांनाही मी तसे सांगितले आहे.

हे सगळे करूनही एखादी रात्र अशी येईल की करण्यासारखे काही उरणार नाही. जनावरे उंचावर बांधलेली असतील, माणसे मोजून झालेली असतील आणि तरीही आभाळ फाटतच असेल. तेव्हा मात्र मनात शंका न ठेवता मांडी घालून बसावे. कोणी विठ्ठल म्हणेल, कोणी खंडोबा, कोणी अल्ला. एकट्याने बसू नये, शेजाऱ्याला हाक मारून चार माणसांत बसावे. लेकरांना मधे घ्यावे, कारण लेकरू आभाळाकडे पाहत नाही, आपल्या तोंडाकडे पाहते.

मावशी आता नाहीत. चार वर्षांपूर्वी आषाढात गेल्या, वारीहून परतल्यावर. मुलगा नोकरीला लागला आहे. त्याने नवीन गावी खोली घेतली तेव्हा मला फोन केला होता. म्हणाला, "दादा, दुसऱ्या मजल्यावर आहे. आणि खाली एक आजी-आजोबा राहतात, त्यांना सांगून ठेवलंय, पाऊस जास्त झाला तर वर या म्हणून."

समाजमंदिरात मला प्रश्न विचारणाऱ्या त्या बाबांना माझे उत्तर एवढेच आहे. बाबा, देवाचे नाव जरूर घ्या. पण कांबळे ओढण्याआधी एकदा बाहेर डोकावून पाहा, खालच्या अंगाला कोणाची लेकरे आहेत का.

राम कृष्ण हरी.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग